तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता क्लास लावला होता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसतो. कापसाच्या गाड्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो, उन्हाळा लागला की हात रिकामे. या रिकाम्या दिवसांत मी वेबपानं बनवायला शिकलो. तेव्हापासून गावातली पोरं, त्यांचे बाप आणि नागपूरला नोकरीत असलेले आमचे साळेबुवा एकच प्रश्न विचारतात, "कोठी शिकला गा हे? कोणता क्लास लावला होता?"

कोणताच नाही. हे कोणाला पटत नाही. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे, पण त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

या विद्येला लागतं काय, तर एक नोटपॅड आणि एक ब्राउझर. चार ओळी एचटीएमएल, म्हणजे पानाची मांडणी सांगणारी भाषा, लिहायची, फाइल सेव्ह करायची, तीच ब्राउझरमध्ये उघडायची. नेट लागत नाही. लाईन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालतं, आणि आमच्याकडे ते फार महत्त्वाचं. शिवाय कोणाची परवानगी काढावी लागत नाही. वेब जिथं जन्माला आलं त्या युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सगळ्या जगासाठी फुकट मोकळं केलं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणलेलं पहिलं पान आजच्या मोबाईलवरही उघडतं. नुसता मजकूर आणि निळ्या लिंका. ते बघितलं की धीर येतो, एवढं तर आपल्यालाही जमेल असं वाटतं.

पण शिकायचं म्हणून शिकलो असतो तर पंधरवड्यात सोडलं असतं. माझ्यापुढे एक काम होतं. काटा झाला की शेतकरी विचारतो, "किती झाले भाऊ?" भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं, त्याचे क्विंटल, गुणिले भाव. हा हिशेब त्याला स्वतःच्या मोबाईलवर दिसावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, एवढंच पान मला पाहिजे होतं. जे काही येतं ते त्या एका पानानं शिकवलं.

पहिला अडथळा आकड्यांचा. मराठी कीबोर्डवरून कोणी १२ लिहिलं की जावास्क्रिप्टला, म्हणजे पानातला हिशेब करणाऱ्या भाषेला, तो आकडाच वाटत नाही. गुणाकार केला की 'नॅन' येतं, म्हणजे 'ही संख्या नाही'. बारा लिहिलेत आणि हा म्हणतो संख्या नाही! इंग्रजी शिकवण्यांमध्ये हे येत नाही, कारण तिथं कोणी देवनागरी आकडे टाकतच नाही. उपाय युनिकोडच्या तक्त्यात मिळाला. तिथं प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे आकडे ओळीनं, नऊचा २४१५. आलेल्या अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा हाती येतो. ही एक ओळ लिहून ती चालली, त्या संध्याकाळी मी बायकोला उगाच चहा करून दिला.

उत्तर दाखवायचं काम सोपं निघालं, पण त्यातही गोम होती. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. वीस क्विंटलचे झाले १,५०,४२०. अमेरिकी पद्धतीनं मांडलं तर स्वल्पविराम भलत्याच ठिकाणी पडतो, १५०,४२०, आणि माणूस पंधरा हजार समजतो की दीड लाख, याचा भरवसा नाही. आकडा मांडताना 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी-भारत, असं सांगितलं की ब्राउझर लाखाची मांडणीही करतो आणि अंकही देवनागरी देतो. ही सोय ब्राउझरात आधीपासून बसलेली आहे, फक्त मागावी लागते.

पैशांचं एक सांगून ठेवतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवा, ०.३ येत नाही; भलंमोठं शेपूट लागून शेवटी ४ येतो. मशीन दोनच्या पटीत मोजतं, त्यात दशांश नेमका बसत नाही. म्हणून मी आतून सगळं रुपयांत नाही, पैशांत मोजतो आणि दाखवताना शंभरानं भागतो. काट्यावर बसणाऱ्याला अशी शेपटं सहन होत नाहीत.

मग दिसण्याचा भाग. पानाचं रूप ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस, तिचे तयार नमुने इंग्रजी अक्षरांच्या मापानं केलेले. ते उचलून मराठी मजकुराला लावले की ओळींतली उंची कमी पडते, रफार आणि वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतात. मी ओळीची उंची अक्षराच्या पावणेदोन पट ठेवतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवायचा इंग्रजीतला शौक तर इकडे आणूच नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. आणि पानाच्या अगदी सुरुवातीला भाषा मराठी आहे हे लिहायचं. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. बहुतेकांना फरक कळतही नाही म्हणा. मला कळतो.

या सगळ्यासाठी वाचलं काय? मुख्यतः एमडीएन, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची वेब शिकवणारी साइट. फुकट आहे, इंग्रजीत आहे, रूक्ष आहे, आणि मला ते व्हिडिओंपेक्षा बरं वाटतं. व्हिडिओत तो माणूस भराभर टाइप करतो, आपण मान हलवतो आणि बंद केल्यावर हाताला काही येत नाही. माझं इंग्रजी बारावीपुरतं. पण एमडीएनच्या पानावर तेच शंभर-दोनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते एकदा बसले की गाडी चालते.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "पैसे भेटतात का याचे?" नाही. एका दुकानदारानं वेबसाइट बनवून मागितली होती, मी नाही म्हटलं. त्याला फिरते फोटो आणि आपोआप वाजणारं गाणं पाहिजे होतं. माझं हिशेबाचं पान गिटहब नावाच्या साइटवर फुकट ठेवलेलं आहे, त्यामुळे खर्चही नाही. लॅपटॉप जुना घेतलेला, त्याचे पैसे केव्हाच विसरलो.

आता अडलंय ते रेंजवर. जिनिंगच्या पत्र्याखाली नेट येत नाही, आणि शेतकऱ्याला हिशेब तिथंच पाहिजे. त्यावर सर्व्हिस वर्कर नावाचा इलाज आहे. पान एकदा उघडलं की तो ते मोबाईलमध्ये साठवून ठेवतो, पुढच्या वेळी नेट नसलं तरी उघडतं. हे मला अजून धड जमलेलं नाही. भाव बदलला तरी कालचंच साठवलेलं पान समोर येतं, आणि कालचा भाव दाखवणं काट्यावर परवडत नाही. दिवाळीच्या आत ते मार्गी लावायचं आहे.