मृगापासून हत्तीपर्यंत, सायकलवर

पावसाळ्यातही सायकलनेच ऑफिसला जाते म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो रेनकोटचा. मी त्यांना मडगार्डचं विचारते. हल्लीच्या गिअरच्या सायकलींना मडगार्ड देतच नाहीत, दिसायला बरं दिसत नाही म्हणे! मग पाठीवर शेपटापासून मानेपर्यंत चिखलाची रेघ घेऊन हिंडा. वरून पडतं ते पाणी निदान स्वच्छ असतं.

माझा रस्ता पुण्यात, कर्वेनगर ते शिवाजीनगर. कॅलेंडरवर मी तारखा कमी आणि नक्षत्रं जास्त बघते, कारण प्रत्येक नक्षत्रात सायकल वेगळी चालवावी लागते. मृगाच्या पहिल्या सरी सगळ्यात वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल, टायरची भुकटी, धूळ हे सगळं पहिल्या पाण्याबरोबर वर येतं आणि डांबरावर तवंग धरतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं तर विचारूच नका. वळण यायच्या आधीच वेग कमी करायचा, वळताना ब्रेकला हात लावायचा नाही. चार-सहा दणकून सरी झाल्या की रस्ता धुऊन निघतो, मग जीव भांड्यात पडतो.

जुलैत तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, त्याच्या मागून म्हातारा, पुष्याचा. पुण्यात दोघंही भुरभुरच करतात. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास आमचा सगळा पाऊस. मुंबईत त्याच्या तिप्पट पडतो. तोही सगळीकडे सारखा नाही. सह्याद्रीकडून पूर्वेला जावं तसा कमी होत जातो. मी निथळत ऑफिसात शिरते तेव्हा हडपसरहून आलेली मैत्रीण कोरडी ठणठणीत बसलेली असते. “एवढी कुठं भिजलीस गं?” असं ती खरोखर आश्चर्यानं विचारते.

या भुरभुरीत रेनकोट घालून पायडल मारलं की आतून घामानं भिजायचं ते भिजतोच. त्यापेक्षा जुना टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून खुशाल भिजत जावं. कोरडा ड्रेस साडीच्या दुकानातल्या जाड पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये. पार्किंगमध्ये सीटवर हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप. प्लॅस्टिकची पिशवी लावायचे तेव्हा कुणीतरी ती काढून न्यायचं. शॉवर कॅपला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.

प्रश्न येतो ओले कपडे वाळवायचा. आमच्या ऑफिसात चारचाकींना पत्र्याखाली जागा आहे, सायकलीला भिंतीचा कोपरा. जिन्याच्या कठड्यावर कपडे टाकू नयेत अशी नोटीस लागली, ती माझ्या एकटीसाठीच होती. शेवटी गेटवरच्या काकांनी जनरेटरच्या खोलीत दोरी बांधून दिली. “हितं टाका मॅडम, हिकडं कुणी फिरकत नाय.” संध्याकाळपर्यंत कपडे वाळतात, डिझेलचा थोडा वास येतो, चालतंय.

पाऊस धरला की सकाळी चहाच्या आधी मी विसर्गाचा, म्हणजे धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याचा आकडा बघते. खडकवासल्यात जेमतेम 1.97 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, टेमघर, वरसगाव, पानशेतसकट चारही धरणांचं मिळून 29.15. त्यामुळे वरची धरणं रिकामी असली तरी खडकवासला लवकर भरतं आणि मुठा नदीत पाणी सोडावं लागतं. विसर्गाचा आकडा चढला की नदीपात्रातला रस्ता बंद, मग भिडे पूल पाण्याखाली. माझा म्हात्रे पुलापासून डेक्कनपर्यंतचा निवांत तुकडा गेला आणि सगळं पुणं कर्वे रोडवर आलं असं समजायचं. तिथं वर मेट्रोचा पूल आहे म्हणून आडोसा मिळेल असं वाटतं. पाऊस थांबल्यावरही तिथून मानेवर नेमके टपोरे थेंब पडत राहतात.

जंगली महाराज रस्त्यावर सायकल ट्रॅक आहे, त्यावर ओले पेव्हर ब्लॉक, भेळेच्या कागदी प्लेटा आणि गप्पा मारणारी मंडळी. मी मुकाट्यानं डांबरावरून जाते.

घरी आल्यावर खरं काम. पावसात रिमवर काळा, किरकिरीत लगदा जमतो. बोट फिरवलं तर बारीक वाळू लागते. तो तसाच ठेवला तर ब्रेकचे रबर झिजतात आणि रिमही घासते. तांब्याभर पाणी, फडकं, मग चेनच्या एकेका कडीवर तेलाचा एकच थेंब. वरचं तेल पुसून काढायचं, नाहीतर त्यालाच माती चिकटते. आळस केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चेन तांबूस. सासूबाई गॅलरीच्या दारातून बजावतात, “वातींचा कापूस नेऊ नकोस हं त्या चेनला!”

पंक्चरही पावसातच जास्त. आमचा पंक्चरवाला म्हणतो, “ताई, ओल्या रबरात काच सुरीसारखी जाते.” ओल्या ट्यूबवर पॅच धड बसत नाही, म्हणून जादा ट्यूब सॅकमध्ये असतेच.

हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस सप्टेंबर संपता संपता येतो, तोही नेमका ऑफिस सुटायच्या वेळेला. वीज कडाडायला लागली की मी सायकल काढतच नाही. आणि पाण्याखाली रस्ता दिसेनासा झाला की उतरून हातात धरून चालते, खाली झाकण आहे की नाही कुणाला ठाऊक. मागच्या हत्तीत अशीच फुटपाथवरून सायकल ढकलत साहेबांच्या गाडीला ओलांडून गेले. त्यांनी काच खाली करून काळजीनं सांगितलं, “पोचलात की मेसेज करा.” मी पोचून, आंघोळ करून, चेन पुसून मेसेज केला. उत्तर आलं: “गुड. मी अजून नळ स्टॉपला.”