आमची वाटचाल: पुडीतलं लॉन आणि कपातलं लॉन

आधी हे लिहून ठेवतो: पुडीत मिळणाऱ्या ‘कार्पेट सीड्स’मधून, म्हणजे लॉनच्या बियांमधून, उगवलेलं लॉन माशांच्या टँकमध्ये पाण्याखाली टिकत नाही. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगण्यापायी आमचं टँकच्या रोपांचं दुकान बंद पडायच्या बेताला आलं होतं.

सुरुवात डोंबिवलीत, मेहुण्यासोबत. भांडवल त्याचं, हात माझे. पाण्याखालच्या बागांसाठी नावाजलेले जपानी कलाकार ताकाशी अमानो यांच्या टँकचे फोटो पाहिलेले मोजके लोक यायचे आणि ‘तसलं लॉन’ मागायचे. रोपांना लागणाऱ्या सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) सिलिंडर आम्ही अग्निशामक नळकांडी भरून देणाऱ्याकडून भरून आणायचो. सोलेनॉइड, म्हणजे गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, मेहुण्याने स्वतः बसवला. माझा वाकड्या टोकाचा लांब चिमटा तेव्हाचा, आजही तो मी कुणाला देत नाही. टोकं नीट जुळली नाहीत तर एचसी क्यूबाचं (लॉनसाठी लावतात ते बारीक पानांचं) रोप सॉइलमध्ये, म्हणजे टँकच्या तळाच्या मातीत, बसत नाही, चिमट्यासोबत वर येतं.

मधली वर्षं बरी गेली. मग आमच्याच रस्त्यावर एकाने बियांच्या पुड्या लावल्या. पाकिटावर माँटे कार्लो या लॉनच्या खऱ्या रोपाचा फोटो, किंमत आमच्या टिश्यू कल्चर कपापेक्षा (प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांच्या कपापेक्षा) किती तरी कमी. बी चार दिवसांत उगवायचं, टँक हिरवागार दिसायचा, गिऱ्हाईक खूश. पण ते रोप पाण्याखाली जगणारं नव्हतंच. काही आठवड्यांत सडायचं, अमोनिया चढायचा, मासे जायचे. मग लोक म्हणायचे, प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत रोपांचा टँक, आपल्याकडे होतच नाही. आणि जो खरं सांगायचा, तो महागडा दुकानदार! कप फ्रिजमध्ये पिवळे पडले, भाडं थकलं, मेहुणा कंटाळून नोकरीला लागला. त्याला दोष देत नाही, पण त्या पुड्या मी विसरलेलो नाही.

तेव्हा कल्याणचे एक निवृत्त मोटरमन काका आमच्यामागे उभे राहिले. तीन फुटी टँकसाठी त्यांनी सगळे कप आमच्याकडून घेतले आणि ‘ड्राय स्टार्ट’ पद्धतीने लावले: सॉइल फक्त ओलं, वर क्लिंग रॅप, पाणी नाही. मुळं धरेपर्यंत रोज फवारा. पाणी भरल्यावर ड्रॉप चेकर (रंगावरून पाण्यातला सीओटू दाखवणारी काचेची कुपी) हिरवा, म्हणजे सुमारे 30 पीपीएम सीओटू, येईपर्यंत त्यांनी बबल काउंट, म्हणजे गॅसच्या बुडबुड्यांचा वेग, हळूहळू वाढवला. त्यांचा टँक बघायला माणसं त्यांच्या घरी जायची आणि तिथून थेट आमच्याकडे यायची. दुकान त्या टँकने वाचवलं.

नव्या लोकांना सांगतो. कपातली जेली पूर्ण धुऊन काढा, राहिली तर बुरशी धरते. रोपाचे चिमूटभर तुकडे करून दोन-दोन सेंटीमीटरवर लावा, अख्खा गोळा खोचू नका. सीओटू गॅस टँकचा लाइट लावायच्या तासभर आधी सुरू करा. आणि लॉन दाट झालं की कात्री लावाच. जीव होत नाही हे कळतं मला, पण खालच्या थराला उजेड मिळाला नाही तर तो तपकिरी पडतो आणि सगळी गादी एके दिवशी सुटून वर तरंगते. नवीन सॉइल अमोनिया सोडतं, तेव्हा टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मासे सोडू नका.

त्या पुडीवाल्याने मध्यंतरी आमच्याकडे कपांचा घाऊक दर विचारला. आम्ही दिला नाही, देणारही नाही.