न खेळलेल्या मोसमाचा बोर्ड

अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे दोन माजी विद्यार्थी, दोघंही मुरलेले क्रीडा समालोचक, कॉलेज फुटबॉलवर पॉडकास्ट सुरू करणार होते. ध्वनिमुद्रण आणि संपादन माझ्याकडे होतं. दोघांचा आवाज तयार झाला तो विद्यार्थिदशेत, डब्ल्यूएईआर या एफएम केंद्रावर. बॉब कॉस्टास, माइक टिरिको हेही तिथलेच. गाण्यात घराणं असतं तसं इथे समालोचनाचं आहे. बाळ ज. पंडितांच्या आवाजावर क्रिकेट 'पाहणाऱ्या' घरात मी वाढलो, त्यामुळे या कामाचं मला फार अप्रूप होतं.

पहिल्या भागात नव्या मोसमाचा संघ, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, कोण, पहिला सामना कसा जाईल, एवढंच घ्यायचं ठरलं होतं. अर्ध्या तासाचं काम.

थोरले समालोचक आले ते काखेत बोर्ड घेऊन. अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, जर्सीवरच्या आकड्यावरून खेळाडू ओळखावा लागतो. म्हणून सामन्याआधी समालोचक पुठ्ठ्यावर दोन्ही संघ मांडून ठेवतो. प्रत्येक खेळाडूचा एक चौकोन. त्यात आकडा, नाव, उंची, वजन, गाव आणि बारीक अक्षरात त्याच्याबद्दलची एखादी गोष्ट. एकेका बोर्डामागे तासन्‌तास जातात. या बोर्डावर मात्र नऊच चौकोन भरलेले होते आणि वर लिहिलं होतं १९७०.

त्या वर्षी नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी सिरॅक्यूजच्या वसंतातल्या सरावावर बहिष्कार टाकला. दुखापतीवर नीट उपचार, गोऱ्या खेळाडूंइतकीच अभ्यासात मदत, संघात गुणांवर जागा आणि प्रशिक्षकांमध्ये एक तरी कृष्णवर्णीय माणूस, एवढ्याच मागण्या. मुख्य प्रशिक्षक होते बेन श्वार्ट्झवाल्डर, १९५९ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे. जिम ब्राउन हे गाजलेले कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्याच हाताखाली खेळले. एर्नी डेव्हिसही, आणि ते तर १९६१ मध्ये हाइजमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. ज्या संघाचा मोठेपणा या माणसांनी उभा केला, त्याच संघात पुढच्या पोरांना डॉक्टरसाठी भांडावं लागलं, याचा मला संताप येतो. १९७० चा मोसम ते नऊ जण खेळले नाहीत. वर्तमानपत्रांनी त्यांना 'सिरॅक्यूज एट' म्हटलं. माणसं नऊ होती, तरी आठच रूढ झालं. विद्यापीठाने माफी मागून त्यांना लेटरमन जॅकेट, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांना मिळणारी मानाची जॅकेट, दिली, ती २००६ मध्ये.

धाकट्या समालोचकाने नव्या मोसमाची आठवण करून दिली. श्रोते त्यासाठीच येणार, असं त्याचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. थोरले म्हणाले, "ही नावं त्या मोसमात मैदानावरून घ्यायला हवी होती. आधी ती घेऊ."

मग ते उभे राहिले. सामन्याच्या दिवशी बसून बोलायची त्यांना सवयच नाही. मी माइक वर सरकवला. ग्रेगरी अ‍ॅलन. रिचर्ड बुल्स. जॉन गॉडबोल्ट. डेना हॅरेल. जॉन लोबॉन. क्लॅरेन्स मॅकगिल. ए. अलिफ मुहम्मद. ड्युएन वॉकर. रॉन वोमॅक. आवाजात कसलाही गहिवर नाही. संघ मैदानात उतरताना लागतो तो खणखणीत, चढा सूर. तो सूर ऐकून धाकट्याने समोरचे कागद पालथे घातले आणि एकेक मागणी काढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. वेळ संपल्याची खूण करणं माझं काम होतं. मी ती केली नाही.

संपादनात एरवी मी वाक्यांमधल्या जागा आवळतो. इथे फक्त खुर्चीची करकर काढली. नव्या संघाची चर्चा दुसऱ्या भागात गेली. पहिल्या भागाच्या वर्णनात मी नऊही नावं बोर्डावरच्या क्रमाने टाइप केली. मुहम्मद यांच्यापुढे अल न्यूटन हे त्यांचं तेव्हाचं नावही घातलं, कारण जुनी संघयादी काढून पाहणाऱ्याला ते तिथे त्याच नावाने सापडतील.