तुम्ही विचारलंत म्हणून : व्हॅटिकनला आमच्या वीस रुपयांची गरज काय?

सकाळच्या लोकलमध्ये, ऑफिसात, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न मला विचारला जातो. मी वसईचा कॅथलिक आणि रविवारी मिस्सेनंतर चर्चमधलं दान मोजायला बसणाऱ्यांपैकी एक. जूनअखेरीस संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाच्या सुमारास आमच्याकडे दुसऱ्यांदा थैली फिरते. ते पैसे पोपमहोदयांच्या निधीला, म्हणजे ‘पीटर्स पेन्स’ला जातात. मग लोक विचारतात, "सोन्याने मढलेल्या व्हॅटिकनला तुमचे पैसे कशाला?"

सोनं आहे, पण ते विकता येत नाही. मायकेलअँजेलोचं ‘पिएता’ हे शिल्प काही कोणी बाजारात नेणार नाही. अशा अमूल्य वस्तूंची किंमत तिथल्या हिशेबात नाममात्र एक युरो धरतात. त्यांच्यातून उत्पन्न तर नाहीच, उलट छप्पर गळलं, भिंतीला ओल आली की खर्च उभाच. जुन्या वाड्याचा मालक श्रीमंत दिसतो खरा, पण डागडुजीला पैसे त्यालाच काढावे लागतात.

त्यातही व्हॅटिकन म्हणजे एकच तिजोरी नव्हे. म्युझियमच्या तिकिटांचा पैसा व्हॅटिकन नगरराज्याकडे जातो. जगभरच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या ‘होली सी’चा हिशेब वेगळा. रोममधली सारी प्रशासकीय खाती, देशोदेशीचे राजदूत, कित्येक भाषांतलं रेडिओ प्रसारण, हे सगळं त्यात येतं. कर लावायला नागरिक नाहीत. पगार आणि पेन्शन मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. 2023 मध्ये या कारभारातली तूट होती 8 कोटी 35 लाख युरो. 2024 मध्ये ती 4 कोटी 44 लाखांवर आली आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नामुळे वर्षाचा एकूण हिशेब 16 लाख युरो शिलकीत निघाला. याचा मला मनापासून आनंद झाला. पण पेन्शन निधीची चिंता गेलेली नाही. त्यातलं असंतुलन गंभीर आहे, असं पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये स्वतः कार्डिनलांना, म्हणजे पोपखालोखालच्या ज्येष्ठ धर्मगुरूंना, लिहून कळवलं होतं. त्याआधी 2021 मध्ये त्यांनी नोकरकपात टाळून कार्डिनलांचाच पगार 10 टक्क्यांनी कमी केला. घर अडचणीत असताना कर्त्या माणसाने आधी आपल्या ताटातलं कमी करावं, तसं ते मला वाटलं.

आता जे मला सलतं तेही सांगतो. व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयाने लंडनमधल्या एका इमारतीत पैसा गुंतवला आणि 10 कोटी युरोंहून अधिक नुकसान करून घेतलं. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्याच न्यायालयाने त्या खटल्यात एका कार्डिनलना साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. आपण निर्दोष आहोत, असं ते सांगत आले आहेत. भाविकांच्या देणग्या त्या काळी याच सचिवालयाच्या हाती होत्या. पुढे पोप फ्रान्सिस यांनी ही गुंतवणूक त्याच्याकडून काढून मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याकडे सोपवली. बरं केलं, पण उशिरा.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांना फारशी ठाऊक नसते. हा निधी सगळाच गरिबांना जात नाही. 2023 मध्ये देणग्या आल्या सुमारे 4 कोटी 84 लाख युरो, खर्च झाला 10 कोटींहून अधिक, आणि त्यातला मोठा वाटा रोमच्या कारभारावर गेला. यात लपवण्यासारखं काही नाही. कारभारही चालायलाच हवा. फक्त थैली फिरवण्याआधी वेदीवरून हे दोन वाक्यांत सांगावं, असं मी आमच्या फादरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पुढच्या वर्षी सांगितलंही.

आमच्याकडे एक आजी आहेत, दादरला फुलं विकतात. त्यांची नोट मी न बघता ओळखतो. चार घड्यांची, कमरेच्या पिशवीत दमट झालेली, मोगऱ्याचा वास असलेली. त्या वर्षी फादरांचं सांगून झाल्यावर मी आजींकडे पाहत होतो. त्यांनी सगळं नीट ऐकलं, पिशवी उघडली आणि थैली जवळ येईपर्यंत नोट हातात धरून बसल्या. नंतर मोजणीच्या टेबलावर मी ती उलगडली, विसाच्या गठ्ठ्यात ठेवली, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि आम्ही मोजणाऱ्या दोघांनी खाली सह्या केल्या.