डोक्याला काही लागलं नाही ना?

गेल्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ बाईकवरून पडला. पाण्याने भरलेला खड्डा, दिसलाच नाही. हेल्मेट होतं पण हाफ फेस, म्हणजे कवटी झाकलेली आणि गाल-जबडा उघडा. गालाचं हाड तुटलं, डोळा सुजून बंद, नाकातून रक्त. मावशीने फोनवर पहिलं विचारलं, डोक्याला काही लागलं नाही ना? आणि मीच तिला म्हणालो, नाही गं मावशी, तोंडावरच निभावलं. ते वाक्य मला अजून टोचतं.

पहिल्या दवाखान्यात फक्त चेहऱ्याचा एक्सरे काढला. तो नीट बोलत होता, चहा पण मागितला. रात्री उलटी झाली तर आम्हाला वाटलं पोटात गेलेलं रक्त असेल, आणि नाकातोंडातून रक्त येत असलं की तशी उलटी होतेही, म्हणून तर फसायला होतं. पण मग त्याने "माझी गाडी कुठंय" हे पाच मिनिटांत तीनदा विचारलं, तेव्हा मी घाबरलो. दुसरीकडे नेऊन सीटी केला तर कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साकळलेलं. त्यात मधले काही तास माणूस चांगला वाटू शकतो आणि मग झपाट्याने बिघडतो. त्याच रात्री ऑपरेशन झालं, गालाच्या प्लेटा आठवड्याने टाकल्या.

न्यूरोसर्जननी समजावलं ते असं, की चेहऱ्याची हाडं गाडीच्या बंपरसारखी थोडा मार खातात हे खरं, पण हाड मोडण्याइतका दणका तिथेच थांबत नाही. दह्याचं भांडं गचकन थांबवलं की आतलं दही कडेला आपटतं तसा मेंदू आपटतो. त्यामुळे चेहरा मोडलाय म्हणजे मेंदूला आणि मानेलाही मार असेल असंच धरून चालायचं. आणि तपासणंही अवघड जातं बघा. शुद्ध मोजायची जी ३ ते १५ मार्कांची पद्धत आहे, १९७४ साली ग्लासगोमध्ये निघालेली, त्यात डोळे उघडणं, बोलणं आणि सांगितलं ते करणं हे बघतात. आता डोळा सुजून बंद, जबडा हलत नाही, तर मार्क कसे द्यायचे? बाहुली बघायची तर पापणीच उघडत नाही.

अजून एक, नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरायचं नाही, कापूस कोंबायचा नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं. उलट्या, वाढती डोकेदुखी, नको इतकी झोप, तेच तेच विचारणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, प्लीज.

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तो उठून आत जाऊन अंधारात बसला. नावं विसरतो, पटकन चिडतो. मावशी म्हणाली, गाल तर आता पूर्वीसारखा दिसतोय रे, मग असं का करतो? मग मी तिच्याजवळ बसून सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.