डबलनंतरचा पास : आमचं कसं ठरलं

काकांशी (नात्याने नव्हे, सोसायटीतले) ब्रिजची (दोन जोड्यांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची) जोडी जमवायची ठरली तेव्हा बाकीचं सगळं दादर-ठाणे लोकलमध्येच उरकलं. नो ट्रम्प (हुकुमाशिवायची बोली) मोठ्या पानांच्या 12 ते 14 गुणांचा, मेजर (इस्पिक-बदाम) पाच पानांचे. अडलं ते एकाच जागी : आपल्या बोलीवर समोरच्याने डबल (हार-जीत वाढवणारी बोली) दिला आणि पार्टनरने पास केला, तर समजायचं काय?

एक बदामवर टेकआउट डबल (आपल्या पार्टनरला दुसरा रंग बोलायला सांगणारा) आला तर सोपं होतं. दहा गुण असले की रीडबल (डबलवर आणखी दुप्पट), बदामाची चार पानं आणि तेवढेच गुण असले की दोन नो ट्रम्प. पास म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

वाजलं ते एक नो ट्रम्पवरच्या पेनल्टी डबलवरून, म्हणजे बोली पाडायला दिलेल्या डबलवरून. काकांचं म्हणणं, पास आला की ओपनरने (पहिली बोली लावणाऱ्याने) रीडबल द्यायलाच हवा. मग पास करणारा गुण असले तर तिथेच बसेल, दोन रंगांची हलकी पानं असली तर पळेल. एकच लांब रंग असला तर त्यानेच रीडबल द्यायचा, ओपनर दोन किलवर म्हणणार, तिथून आपला रंग गाठायचा.

"पण काका, सात-आठ गुणांवर नुसत्या डबलमध्येच खेळायचं असलं तर?"

काकांनी पेपरच्या कडेला आकडे मांडले. व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या स्थितीत) नसताना एक नो ट्रम्प डबलमध्ये झाला तर 180, रीडबलमध्ये 560. एक हात कमी पडला तर 100 ऐवजी 200.

"आता बोल!"

बोललो. दोन पासनंतर चौथ्याने डबल दिला तर हा नियम नाही, तिथे ओपनरचा पास साधाच, एवढं पदरात पाडून घेतलं. ट्रान्सफरवर (आपला रंग ओपनरकडून बोलवून घ्यायच्या बोलीवर) डबल आला तर ओपनरचा पास म्हणजे त्या रंगाची दोनच पानं. यावर मात्र वाद नव्हता.

सरावाला 12 ते 14 गुणांची पानं काढून काकांना द्यायची आणि उरलेली वाटायची. हे घोटवावंच लागतं, कारण रेंगाळून टाकलेला पास बरंच काही सांगून जातो आणि ते पार्टनरला वापरता येत नाही.

आता क्लबात मी डबलनंतर पासचं हिरवं कार्ड ठेवलं की काका 'अलर्ट' म्हणतात, म्हणजे या बोलीला खास अर्थ आहे असा समोरच्यांना इशारा.

"पासला अलर्ट?" समोरच्या बाई विचारतात.

"हो. मला रीडबल द्यावाच लागतो."

"आणि त्यांच्याकडे काय आहे?"

"ते त्यालाही अजून ठरवायचंय."