करपा आणि भाताचा संयम

१४ सप्टेंबर, रात्री

सकाळी बाबांबरोबर इगतपुरीकडच्या आमच्या खाचरात उतरले, तेव्हा बांधालगतच्या चुडांवर करपा हा बुरशीजन्य रोग दिसला. पान उजेडाकडे धरून पाहिले: दोन्ही टोकांना निमुळता, चातीसारखा ठिपका, मध्यभागी राखाडी आणि कडेला तपकिरी. शेजारच्या वाफ्यात बाबांनी हौसेने राखलेल्या गावठी वाणाच्या पानावर मात्र मोहरीहून लहान असे चार-पाच गडद टिपके होते आणि ते वाढलेले नव्हते. “हा पसरणार, तो तिथंच थांबणार,” असे बाबा म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ते थांबणे भाताला किती महाग पडते, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

करप्याच्या बुरशीचा बीजाणू ओल्या पानाला चिकटतो, तिथे एक घुमटासारखी पेशी तयार करतो आणि तिच्यात मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे ४० पट दाब साठवून पानाचे कवच फोडतो. बुरशीच्या भिंतीत कायटिन असते, भाताच्या पेशीत ते नसते. म्हणून त्याचे सुटलेले तुकडे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनांना लागताच घरात परका शिरल्याची वर्दी केंद्रकापर्यंत पोहोचते. एरवी मंद असलेली जनुके तिथे जोमाने चालू होतात, बुरशीची भिंत पोखरणारी विकरे तयार होतात, आणि प्रतिकारक वाणात तर बाधित पेशी स्वतःच मरून जाते, म्हणजे बुरशीला पुढे सरकायला जिवंत पेशी मिळत नाही. गावठी वाणाच्या पानावरचे ते टिपके बहुधा अशाच मेलेल्या पेशींचे असावेत.

मग भात ही जनुके सदैव चालूच का ठेवत नाही? कारण संरक्षणावर खर्च झालेले अन्न दाण्यात जात नाही. चीनमधील एका जुन्या वाणात सापडलेल्या ‘पिग्म’ या जनुकसमूहाचा २०१७ साली उलगडा झाला, तो मला या बाबतीत सर्वांत सुंदर वाटतो. त्यातील एक जनुक साऱ्या झाडात करप्याच्या असंख्य प्रकारांना अडवते, पण दाण्याचे वजन घटवते. शेजारचेच दुसरे जनुक पहिल्याच्या प्रथिनाला बिलगून त्याचे काम दडपते आणि दाणे भरण्यास मदत करते. हे दुसरे जनुक पानात व खोडात रासायनिक खुणांनी जवळजवळ मिटलेले असते आणि मुख्यतः परागकणांतच उघडते. त्यामुळे पान सावध राहते आणि लोंबीही भरते.

त्यापुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रथिनाबद्दल असेच कळले. एरवी ते कमी फुटवे आणि मोठी लोंबी यांची व्यवस्था पाहते; बुरशी आली की त्याच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट जोडला जातो, ते संरक्षणाच्या जनुकांकडे वळते आणि सुमारे ४८ तासांत पुन्हा वाढीच्या कामाला लागते.

म्हणूनच बियाण्याच्या पिशवीवरचा ‘रोगप्रतिकारक’ हा एकच शब्द मला अपुरा वाटतो. प्रतिकाराचे जनुक आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. ते कुठे, केव्हा आणि किती वेळ चालते, हे वाण निवडणाऱ्यांनी तितक्याच आस्थेने पाहायला हवे. एकाच जनुकाच्या भरवशावर आलेला वाण बुरशीने काही हंगामांतच निष्प्रभ केल्याची उदाहरणे भातात कमी नाहीत.

आम्ही गेल्या वर्षी युरियाचा हात सैल सोडला होता, पाने काळीभोर हिरवी झाली आणि करपा बळावून लोंब्या मानेतून मोडल्या. आज बाबांनी उरलेला हप्ता टाकायचे थांबवले. मी दोन्ही वाफ्यांतील पाच-पाच पानांना लाल दोरा बांधून ठिपक्यांची लांबी वहीत टिपली आहे. गुरुवारी तीच पाने पुन्हा मोजायची आहेत.